गाईंचा सांसर्गिक गर्भपात : लसीच्या जंतूत केलेला फेरबदल

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे गाव मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर असून गोंदियाकडून येणारा रस्ता येथेच या महामार्गास मिळतो. आसपासचा मुलूख धानाचा आहे. बांधीच्या चिखलणीसाठी बैल अथवा रेड्यांची जोडी आणि घरच्या दुधासाठी गाय किंवा म्हैस, असा येथील गोठा असतो. दूध विकून चार पैसे मिळावेत या हेतूने बाहेरून संकरित गाय विकत आणणारे पशुपालकही आहेत. अशी गाय मालमोटारीतून उतरते तेव्हा ती दिसावयास सशक्त, कासेने भरदार आणि चार-पाच महिन्यांची गाभण असते. खरेदीदाराचे समाधान होते. परंतु सातव्या महिन्यात ती गाभडते, वार पडत नाही, पुढे ती माजावर येऊनही फळत नाही, आणि वर्षभराच्या आत त्याच दावणीवरील दुसरी गायही गाभडते. हा केवळ नशिबाचा फेरा नव्हे. बहुधा तो ब्रुसेल्ला नावाच्या जंतूचा संसर्ग असतो. या रोगास सांसर्गिक गर्भपात म्हणतात.

या रोगाचे दोन गुण ग्रामसेवकाने व पशुपालकाने नीट ध्यानी ठेवावयास हवेत. पहिला असा की, जंतू एकदा जनावराच्या शरीरात ठाण मांडून बसला म्हणजे ते जनावर पुढे निरोगी दिसले तरी कासेतून व गर्भाशयातून जंतू बाहेर टाकीत राहते. दुसरा असा की, हा रोग माणसालाही होतो. गाभडलेले वासरू किंवा वार उघड्या हाताने उचलणारा गडी, अडलेल्या गाईच्या पोटात हात घालणारा जाणता माणूस, कच्चे दूध पिणारे मूल, या सर्वांस तो जडू शकतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. सांधे धरतात, घाम फुटतो, अंगात त्राण राहत नाही. माल्टा बेटावरील सैनिकांच्या अशाच तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली शोधून काढला. त्यांच्यावरूनच या जंतूस ब्रुसेल्ला हे नाव पडले. डेन्मार्कमधील बँग यांनी १८९७ साली गाईंच्या गर्भपाताचा जंतू दाखवून दिला आणि तो याच कुळातील असल्याचे मागाहून सिद्ध झाले. गोठ्यात काम करणाऱ्याचा ताप दीर्घकाळ हटत नसेल, तर डॉक्टरांना आपल्या गोठ्याची हकीकत सांगणे अगत्याचे आहे. ती न सांगितल्यास रोग ध्यानात येण्यास पुष्कळ वेळ लागतो.

दुबळा जंतू कसा लाभला

“लसीत जिवंत जंतू असतो म्हणतात, ते खरे काय?” असा प्रश्न गावोगावी विचारला जातो. सांसर्गिक गर्भपाताच्या लसीपुरते त्याचे उत्तर सरळ आहे : होय, जिवंत असतो. मात्र तो दुबळा केलेला असतो. लाळखुरकुताच्या लसीत मारलेला विषाणू असतो, म्हणून ती लस सहा-सहा महिन्यांनी पुन्हा टोचावी लागते. ब्रुसेल्ला हा जंतू शरीराच्या पेशींत शिरून लपणारा आहे. अशा शत्रूची ओळख शरीरास पटवून द्यावयाची तर त्याच्यासारखाच पेशीत शिरणारा, परंतु तेथे टिकाव न धरणारा जंतू लागतो. मेलेल्या जंतूकडून हे काम तितके चांगले होत नाही.

असा जंतू माणसाला जवळजवळ योगायोगाने सापडला. १९२३ साली अमेरिकेत बक नावाच्या संशोधकाने एका जर्सी गाईच्या दुधातून ब्रुसेल्लाचा एक वाण वेगळा केला. तो वाण रोगकारक होता. त्याची एक नळी प्रयोगशाळेत नेहमीच्या उष्णतेत वर्षाहून अधिक काळ तशीच राहिली. नंतर तपासून पाहता जंतू जिवंत होते, पण त्यांची रोग करण्याची शक्ती पुष्कळच ओसरली होती; आणि ते टोचलेल्या वासरांत मात्र रोगप्रतिकारशक्ती निर्माण होत होती. हाच ‘एस-१९’ वाण होय. जगभर कोट्यवधी कालवडींना त्याची लस दिली गेली आहे. आपल्या देशात २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाची सांसर्गिक गर्भपाताविरुद्धची मोहीमही याच वाणावर उभारलेली आहे.

जंतूला अशा रीतीने मवाळ करण्याचा मार्ग आपल्याकडे अपरिचित नव्हता. कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथील संस्थेत एडवर्ड्स यांनी १९२० नंतरच्या दशकात बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा शेकडो वेळा नेला. शेळीच्या शरीराला सरावलेला तो विषाणू गाईबैलांना जीवघेणा राहिला नाही, परंतु त्यांचे बुळकांडीपासून रक्षण करू लागला. संकरित व विलायती जनावरांना ती लस जड जाई. पुढे केनियात प्लाउराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत नव्वदएक वेळा वाढवून अधिक सौम्य लस तयार केली. भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदला गेला, आणि २०११ मध्ये सर्व जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. ज्या वृद्ध शेतकऱ्यांनी बुळकांडीत ओस पडलेले गोठे पाहिले आहेत, त्यांस दुबळ्या जंतूची महती निराळी सांगावयास नको.

परंतु या जुन्या रीतीत एक उणीव आहे. जंतू मवाळ झाला हे दिसते. तो नेमका कशामुळे मवाळ झाला हे दिसत नाही. शेतातील बियाण्यात आपोआप एखादे निराळे कणीस निघावे आणि शेतकऱ्याने ते जपून ठेवावे, तसाच हा प्रकार होय. एस-१९ वाणाच्या बाबतीत कारणाचा काही भाग उमगावयास सत्तर वर्षे लागली. गाभण गाईच्या गर्भाशयात एरिथ्रिटॉल नावाचा साखरेच्या जातीचा एक पदार्थ विपुल असतो. रानटी ब्रुसेल्ला त्यावर पोसतो आणि म्हणूनच तो गर्भाशयात माजतो. एस-१९ जंतूच्या आनुवंशिक धाग्यातून या पदार्थाच्या पचनाशी संबंधित असा ७०२ अक्षरांचा एक तुकडा गळून पडला असल्याचे १९९० नंतरच्या दशकात आढळून आले. दुबळेपणाचे सर्व कारण तेवढेच नाही. तथापि जंतूतील एक कलम नाहीसे झाले म्हणजे काय घडते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

रक्ताच्या एका थेंबाचा पेच

आता कोहमाऱ्याच्या पशुपालकाने विकत आणलेल्या त्या गाईकडे पुन्हा वळू. समजा, त्याने शहाणपणाने खरेदीपूर्वी तिचे रक्त तपासून घेतले. या तपासणीत गुलाबी रंग दिलेल्या मृत जंतूंच्या थेंबात गाईच्या रक्तजलाचा एक थेंब मिसळतात. चार मिनिटांच्या आत बारीक गुठळ्या दिसू लागल्या, तर गाईच्या रक्तात ब्रुसेल्लाविरुद्धची प्रतिद्रव्ये आहेत असे समजतात. ही प्रतिद्रव्ये मुख्यत्वे जंतूच्या पृष्ठभागावर केसाळ लवेसारख्या पसरलेल्या शर्करेच्या साखळ्या ओळखतात. रानटी जंतूच्या अंगावर ही लव असते. आणि एस-१९ जंतूच्या अंगावरही ती असते. पेच येथेच पडतो.

गुठळ्या दिसल्या म्हणजे गाय रोगी आहे, की तिला लहानपणी लस दिलेली आहे? या तपासणीपुरते दोहोंचे उत्तर एकच येते. बहुतेक कालवडींत लसीची प्रतिद्रव्ये काही महिन्यांत ओसरतात. परंतु काहींत, विशेषतः लस मोठ्या वयात टोचली गेली असल्यास, ती दीर्घकाळ टिकतात. मग निरोगी गाय रोगी ठरते व तिची किंमत मातीमोल होते. किंवा विकणारा “लस दिली आहे, त्यामुळे असे दिसते” असे सांगून खरोखरीची रोगी गाय खपवितो.

परदेशांत रोगी ठरलेले जनावर मारून टाकून कळप शुद्ध केले गेले. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ अन्वये गाईच्या कत्तलीस मनाई असल्याने तो मार्ग येथे नाही. रोगी ठरलेली गाय आयुष्यभर वेगळी बांधून पोसावी लागते. दोन एकर धान करणाऱ्या कुटुंबास हा भार लहान नव्हे. म्हणून कोणती गाय रोगी आणि कोणती केवळ टोचलेली, हे निश्चित सांगता येणे याला आपल्याकडे इतर देशांपेक्षाही अधिक मोल आहे.

अमेरिकेने या पेचातून सुटण्यासाठी १९९६ साली एस-१९ सोडून ‘आरबी-५१’ हा वाण स्वीकारला. रिफाम्पिसिन हे औषध घातलेल्या खाद्यावर जंतू पुनःपुन्हा वाढवून तो मिळविण्यात आला. त्याच्या अंगावरील लव गळालेली असल्यामुळे नेहमीच्या तपासणीत गुठळ्या होत नाहीत. मात्र त्या औषधावर वाढलेला जंतू त्या औषधास दाद देईनासा झाला. आणि माणसाच्या ब्रुसेल्ला रोगावर रिफाम्पिसिन हेच एक मुख्य औषध आहे. २०१७ साली टेक्सासमध्ये कच्च्या दुधातून एका व्यक्तीस नेमका याच लसीच्या वाणाचा संसर्ग झाला. योगायोगावर विसंबून जंतू निवडला म्हणजे हव्या गुणाच्या जोडीला नको असलेला गुणही पदरी पडतो, तो असा.

कापून केलेला फेरबदल

यापुढील मार्ग बरेलीजवळील इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने चोखाळला. जंतूच्या पृष्ठभागावरील लव ज्या शर्करेची बनते, ती घडविण्यासाठी त्याला एका विशिष्ट विकराची गरज असते, आणि तो विकर कसा घडवावयाचा याची आज्ञा ‘पर’ नावाच्या जनुकात लिहिलेली असते. संस्थेतील शास्त्रज्ञांनी एस-१९ जंतूतील नेमके हे जनुक निकामी केले. बाकी जंतू मुळात होता तसाच ठेवला. अशा रीतीने ‘एस-१९ डेल्टा पर’ हा वाण सिद्ध झाला. ‘डेल्टा’ या शब्दाचा अर्थ शास्त्राच्या परिभाषेत ‘वगळलेला’ असा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार या वाणाच्या अंगावरील लव पुष्कळशी विरळ झालेली आहे. उंदरांत त्याने संरक्षण दिले आणि गाभण गिनीपिगांना तो निर्धोक ठरला. रोगी जनावर व टोचलेले जनावर यांत भेद करता येणे, हा त्याचा मुख्य उद्देश होय.

धारदार विळ्याने नेमकी एक फांदी छाटणे आणि झाड उन्हात ठेवून कोणती फांदी वाळते याची वाट पाहणे, यांत जे अंतर आहे तेच नव्या व जुन्या रीतीत आहे. छाटलेला तुकडा मोठा असल्यास जंतू आपल्या मूळ रोगकारक रूपाकडे परत वळण्याची शक्यताही फार कमी राहते. पुनःपुन्हा वाढवून मवाळ केलेल्या जंतूत कित्येकदा एक-दोन अक्षरांचेच फरक झालेले असतात, आणि अक्षर बदलले तसे ते पुन्हा उलटही बदलू शकते.

‘जनुकात बदल केलेला जंतू’ हे शब्द ऐकून कोणी दचकण्याचे कारण नाही. १६ जानेवारी २०२१ पासून देशात कोरोनाची जी लसमोहीम सुरू झाली, तीत गावोगावी सर्वाधिक दिली गेलेली कोविशील्ड ही पुण्यात तयार झालेली लस याच जातीची होती. चिंपांझी वानरातील सर्दीचा एक विषाणू घेऊन, त्याची वाढ होण्यास लागणारे जनुक काढून टाकून त्या जागी कोरोनाच्या काट्याचे जनुक बसविलेले होते. तेथे जंतूचा उपयोग ओझे वाहणाऱ्या बैलासारखा केलेला होता. पश्चिम युरोपात कोल्ह्यांतील पिसाळी रोग हटविण्यासाठी रानात टाकलेल्या आमिषांतही अशीच एक लस होती : गोस्तनदेवीच्या कुळातील विषाणूवर पिसाळी रोगाच्या विषाणूचे एक जनुक चढविलेले होते. तोंडावाटे लस मिळून कोल्ह्यांच्या पिढ्या सुरक्षित झाल्या, आणि फ्रान्स व बेल्जियम या देशांतून कोल्ह्यांचा हा रोग हद्दपार झाला.

तथापि सावधगिरीची आवश्यकता यामुळे संपत नाही. जिवंत जंतू प्रयोगशाळेबाहेर सोडणे ही जोखमीचीच गोष्ट आहे, मग तो जुन्या रीतीने मवाळ केलेला असो वा नव्या. रशियाच्या सारातोव्ह भागात २०१७ साली जनावरांत लम्पी त्वचारोगाचा जो विषाणू सापडला, तो लसीचा वाण व रानटी वाण यांची सरमिसळ होऊन बनलेला होता. त्याचा उगम नीट शुद्ध न राखलेल्या लसीत असल्याचे अभ्यासकांनी मागाहून दाखविले. त्या लसीत जनुकाची छाटणी कोणी केलेली नव्हती. दोष होता तो शुद्धतेच्या देखरेखीचा. भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली १९८९ साली केलेल्या नियमांप्रमाणे, जनुकात फेरबदल केलेला कोणताही जंतू वापरात आणण्यापूर्वी केंद्रीय समित्यांकडून त्याची तपासणी व्हावी लागते. ही तपासणी वेळखाऊ आहे अशी तक्रार होते. जनावर व माणूस या दोघांनाही बाधणाऱ्या जंतूच्या बाबतीत तो वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

टोचणीच्या वेळी

लसीचा वाण कोणताही असो, गोठ्यातील कामाचे नियम बदलत नाहीत. एस-१९ लस केवळ ४ ते ८ महिने वयाच्या कालवडी व वगारींना, जन्मात एकदाच द्यावयाची असते. वळू व रेडे यांना ती देऊ नये, कारण त्यांच्या वृषणांस सूज येण्याचा धोका असतो. गाभण गाईस ती कदापि टोचू नये. लसीनेच ती गाभडू शकते. वयाबद्दल पशुपालकाच्या अंदाजावर विसंबणे बरे नव्हे. “रोवणीच्या सुमारास झाली”, “मंडईच्या आधी झाली” असे उत्तर मिळाल्यास त्यावरून महिने मोजून पाहावेत, आणि शंका राहिल्यास दात पाहून खात्री करावी.

लसीतील जंतू जिवंत असतात, हे ज्याच्या ध्यानी राहते त्याच्याकडून पुढील चुका होत नाहीत. लस २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवावी लागते. नवतपाच्या दिवसांत कोहमाऱ्याच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत कुपी राहिली, तर जंतू मरतात. कुपी पूर्वीसारखीच दिसते, टोचणीही होते, नोंदही होते, परंतु कालवडीस काहीच लाभत नाही. म्हणून बर्फाची पेटी सावलीत, झाकण लावून ठेवावी व लस विरघळविल्यावर वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीत संपवावी. सुया उकळून निर्जंतुक कराव्यात व गार होऊ द्याव्यात. स्पिरिटने ओल्या राहिलेल्या सुईने जिवंत लस मरते. त्याच सुमारास कालवडीस जंतुनाशक औषध चालू असेल तर टोचणी पुढे ढकलावी.

टोचणाऱ्याने हातमोजे व चष्मा वापरलाच पाहिजे. एस-१९ वाण वासराला मवाळ असला तरी माणसास तसा नाही. सुई हातात घुसल्याने किंवा थेंब डोळ्यात उडाल्याने पशुवैद्यांना हा रोग झाल्याची उदाहरणे जगभर आहेत. असे घडल्यास जखम साबणाने, डोळा स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व लसीच्या कुपीवरील चिठ्ठी बरोबर न्यावी. गावातील पशुसखी वासरू धरण्यास मदत करीत असल्यास तिलाही हीच साधने द्यावीत. ती तिला बहुधा दिली जात नाहीत, हे नमूद करणे प्राप्त आहे.

गाय गाभडल्यास वासरू व वार कुत्र्यांना किंवा उकिरड्यावर टाकू नये. हातात मोजे अथवा प्लास्टिकची पिशवी घालून ती उचलावीत, खोल खड्ड्यात वरखाली चुना टाकून पुरावीत, आणि गव्हाणीजवळची जागा विरंजक चूर्णाच्या पाण्याने धुवावी. गाभडलेली गाय स्राव थांबेपर्यंत वेगळी बांधावी व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कोणत्याही गाईचे दूध उकळल्यावाचून पिऊ नये.

टोचलेल्या प्रत्येक कालवडीच्या कानातील बारा आकडी बिल्ला, टोचणीची तारीख व लसीचा वाण यांची नोंद त्याच दिवशी करावी. वर वर्णिलेला रक्ताचा पेच आज सोडवावयाचा तर हीच नोंद हाताशी असते : गुठळ्या दिसल्या, तर गाईस कोणत्या वयात कोणती लस दिली होती हे पाहून पशुवैद्य पुढील तपासण्या ठरवू शकतात. बाहेरून आणलेल्या गाईची अशी नोंद विकणाऱ्याकडून मागून घ्यावी. ती न मिळाल्यास गाय महिनाभर वेगळी बांधावी व नंतर पुन्हा रक्त तपासावे. गाय गाभण असेल तर पहिल्या दोन तपासण्या निर्दोष आल्या तरी विण्यानंतर आणखी एकदा तपासणी करावी, कारण संसर्ग होऊनही कित्येक गाभण गाईंचे रक्त विण्यापूर्वी काहीच दाखवीत नाही.